‘ओतप्रोत’चा ताणाबाणा

आमच्या सोसायटीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा सत्कार ठरला आणि मानपत्राचा मसुदा ‘जरा शुद्धलेखन बघून द्या’ म्हणून माझ्याकडे आला. शुद्धलेखन ठीक होतं. तिसऱ्या ओळीशी मी अडखळलो: ‘आपले संपूर्ण जीवन सेवाभावाने ओतप्रोत भरलेले आहे.’

यात चूक अशी कुणाला दिसणार नाही. मानपत्रं, श्रद्धांजलीचे लेख, उद्घाटनाची भाषणं या सगळ्यांत ‘ओतप्रोत’ असाच येतो. देशभक्तीने ओतप्रोत भाषण, भक्तिरसाने ओतप्रोत कार्यक्रम, मायेने ओतप्रोत पत्र. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक भांडं येतं, त्यात काहीतरी ओतलं जातंय, ते काठापर्यंत आलंय. शब्दाची सुरुवातच ‘ओत’ने होते, मग दुसरं काय वाटणार? शेजारी ‘ओथंबलेला’ही उभा असतो. ओतणं, ओथंबणं आणि ओतप्रोत हे तिघे एकाच घरचे आहेत असा कानाचा समज होतो. काही जण तर ‘ओथप्रोत’ असंही लिहितात.

पण ‘ओतप्रोत’चा भांड्याशी काही संबंध नाही. तो मागावरचा शब्द आहे.

संस्कृतात ‘वे’ हा विणण्याचा धातू आहे. ‘वयति’ म्हणजे विणतो. तंतुवाय म्हणजे विणकर, आणि कोळीसुद्धा. या ‘वे’पासून ‘उत’ म्हणजे ‘विणलेलं’ असं रूप होतं. त्याला ‘आ’ जोडला की आ + उत = ओत; ‘प्र’ जोडला की प्र + उत = प्रोत. शाळेतल्या गुणसंधीइतकं सोपं आहे. एक धागा असा घातलेला, दुसरा तसा घातलेला. उभा आणि आडवा. मराठीत आपण ज्याला ताणाबाणा म्हणतो, तेच.

आता ताणाबाणा म्हणजे तरी काय, हे माग न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मागावर आधी उभे धागे ताणून बसवतात. त्यांना खळ दिलेली असते, म्हणजे घर्षणाने ते तुटत नाहीत. हा ताणा. पाय दाबला की एक सोडून एक धागे वर उचलले जातात, बाकीचे खाली राहतात, आणि मधे एक फट तयार होते. त्या फटीतून धोटा सरकन् या टोकाकडून त्या टोकाला जातो. धोट्याच्या पोटात कांडी असते, तिच्यावरचा धागा मागे सुटत जातो. हा आडवा धागा, बाणा. मग फणी येऊन त्याला ठोकून आधीच्या धाग्याला भिडवते. दुसरा पाय दाबला की वरचे धागे खाली, खालचे वर, आणि धोटा उलट दिशेने. इचलकरंजीत किंवा मालेगावात गल्लीतून चालताना जो खडखडाट ऐकू येतो, तो हाच क्रम. फक्त तिथे पायाऐवजी मोटर असते.

साध्या सुती कापडात इंचाला 60 उभे आणि 60 आडवे धागे आहेत असं समजा. एका चौरस इंचात ते 3,600 ठिकाणी एकमेकांना ओलांडतात. फूटभर लांबीरुंदीच्या रुमालात 5 लाख 18 हजार 400 ठिकाणी. एवढ्या सगळ्या जागी कुठेही गाठ नाही, डिंक नाही, टाका नाही. धागा नुसता एकदा वरून जातो, एकदा खालून. तरी रुमाल सुटत नाही. प्रत्येक धागा वेगळा आहे, भिंग धरून मोजता येतो; आणि तरी एकही धागा एकटा नाही. ‘ओतप्रोत’ म्हणजे ही स्थिती.

हा शब्द नीट भेटतो तो बृहदारण्यक उपनिषदात, आणि तिथे तो एका बाईच्या तोंडी आहे. विदेहाच्या जनक राजाने यज्ञ केला, हजार गायी उभ्या केल्या, त्यांच्या शिंगांना सोनं बांधलं आणि जमलेल्या विद्वानांना सांगितलं, तुमच्यात जो सर्वांत मोठा ब्रह्मज्ञानी असेल त्याने त्या न्याव्यात. याज्ञवल्क्याने कुणाशी वाद व्हायच्या आतच शिष्याला गायी हाकायला सांगितलं. साहजिकच बाकीचे चिडले आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. त्यात गार्गी वाचक्नवी उठली. तिचा प्रश्न असा: हे सगळं पाण्यात ओत आणि प्रोत आहे, तर पाणी कशात ओत आणि प्रोत आहे?

वायूत, याज्ञवल्क्य म्हणतो. मग वायू कशात? अंतरिक्षलोकात. ते कशात? गंधर्वलोकात. अशी ती आदित्य, चंद्र, नक्षत्रं, देव, इंद्र, प्रजापती असं करत ब्रह्मलोकापर्यंत जाते आणि विचारते, ब्रह्मलोक कशात विणलेला आहे? तेव्हा याज्ञवल्क्य तिला अडवतो: गार्गी, फार पुढचं विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते. पण थोड्या वेळाने पुन्हा उठते आणि बाण ताणलेल्या धनुर्धरासारखे दोन प्रश्न घेऊन येते. शब्द तोच, ओत आणि प्रोत. जे द्युलोकाच्या वर आहे, जे पृथ्वीच्या खाली आहे, जे झालं, जे होणार, ते कशात विणलेलं आहे? आकाशात. आणि आकाश? ‘अक्षर’ म्हणजे अविनाशी तत्त्वात, असं शेवटी उत्तर येतं.

मला या प्रसंगात तत्त्वज्ञानाइतकाच तिचा शब्द आवडतो. ‘जग कशावर उभं आहे’ असं तिने विचारलं असतं तर उत्तरात खांब आले असते, हत्ती आले असते, कासव आलं असतं. ‘कशापासून झालं’ असं विचारलं असतं तर माती आणि मडकं आलं असतं. तिने विचारलं, कशात विणलेलं आहे. यात वरखाली नाही, आधी-नंतर नाही. कापडात धागा कापडाच्या ‘आत’ असतो आणि धागे हेच कापड असतं, दोन्ही एकदमच खरं.

यातलं ओत कोणतं आणि प्रोत कोणतं, असा प्रश्न चिकित्सक वाचकाला पडेलच. शंकराचार्यांच्या भाष्यात तो येतो. ओत म्हणजे वस्त्रातल्या लांब धाग्याप्रमाणे, प्रोत म्हणजे आडव्या धाग्याप्रमाणे, असं ते सांगतात आणि लगेच दोन शब्द जोडतात: ‘विपरीतं वा’. किंवा उलट! एवढ्या मोठ्या आचार्यांनी ‘किंवा उलट’ म्हणून पुढे जावं, याचं मला फार बरं वाटतं. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात एक कवी म्हणतो की मला तंतूही कळत नाही आणि ओतूही कळत नाही. तिथे तंतू उभा आणि ओतू आडवा असा अर्थ घेतात, म्हणजे शंकराचार्यांच्या पहिल्या पर्यायाच्या नेमकं उलट. कापड फिरवून धरलं की उभ्याचं आडवं होतंच.

आता व्याकरणाकडे येतो, कारण अर्थ कुठे घसरला याचा माग तिथेच लागतो. गार्गी ‘कस्मिन्’ विचारते, म्हणजे ‘कशात’. सप्तमी विभक्ती. जग पाण्यात ओतप्रोत, पाणी वायूत ओतप्रोत. आपण काय म्हणतो? सेवाभावाने ओतप्रोत, देशभक्तीने ओतप्रोत. तृतीया. ही ‘ने’ कुठून आली? ती ‘भरलेला’कडून आली. पाण्याने भरलेला हंडा, माणसांनी भरलेला मांडव. आपण मनात ‘भरलेला’ धरला आणि त्याची विभक्ती ‘ओतप्रोत’ला लावली. मग कधी ‘भरलेला’ उघडपणे पुढे आला आणि ‘ओतप्रोत भरलेला’ झाला. विणलेला भरलेला! मानपत्रातली ती ओळ अशी दोन चित्रं एकमेकांवर चिकटवून बसली होती.

शब्दांचे अर्थ सरकतात, त्याला कुणाचा इलाज नाही. ‘तंत्र’चा जुना अर्थ माग, मागावर ताणलेला ताणा. त्यापासून चौकट, मग पद्धत, मग आजचं तंत्रज्ञान. ‘संदर्भ’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ गुंफणं. ‘ग्रंथ’ बांधण्यावरून, ‘सूत्र’ तर सरळ सुतावरून. लिहिण्या-वाचण्याचे आपले निम्मे शब्द सूत आणि गाठी यांतून आलेत. ‘ओवी’सुद्धा ‘ओवणे’वरून आली असं मानतात. सूत्रसंचालकाला कुणी ‘हातातलं सूत दाखवा’ म्हणत नाही. मग ‘ओतप्रोत’च्या मागे मी का लागलोय?

लागलोय, कारण हिशेब तोट्याचा आहे. भरलेपण सांगायला मराठीत शब्दांची रेलचेल आहे. धरण तुडुंब, पेला काठोकाठ, धान्याचं माप शिगोशीग, कार्यक्रम भरगच्च, एसटी खचाखच, ढग ओथंबलेले. प्रत्येकाची जागा ठरलेली, छटा वेगळी. त्यांत आणखी एकाची भर पडून काही मिळत नाही. उलट, दोन गोष्टी एकमेकींत अशा विणल्या गेल्यात की वेगळ्या ओळखू येतात पण वेगळ्या काढता येत नाहीत, हे एका शब्दात सांगायचं तर दुसरं काय आहे आपल्याकडे?

जवळचे शब्द आहेत, पण ते वेगळं सांगतात. त्यांची परीक्षा करायची एक घरगुती रीत मला सापडली आहे: एक धागा ओढून बघायचा.

चिवड्यातून शेंगदाणा उचला. चिवड्याला काही होत नाही, फार तर धाकट्याची तक्रार येते. ही मिसळण, सरमिसळ. लाडवाच्या पाकातून गूळ उचलून दाखवा. उचलताच येणार नाही, कारण गूळ आता गूळ म्हणून उरलेलाच नाही. हे एकजीव होणं. पतंगाच्या मांज्याचं भेंडोळं हातात घ्या आणि एक टोक ओढा: गाठ आणखी आवळते. हा गुंता. गुंता कुणी मुद्दाम करत नाही, तो होतो, आणि धीर असेल तर सुटतो. (तरीही पैसे ठेवण्याला आपण ‘गुंतवणूक’ म्हणतो, आणि ते परत मिळेनासे झाले की ‘अडकले’ म्हणतो. शब्दाने आधीच बजावलं होतं म्हणायचं.) तीनपेडी वेणीची टोकाची रिबन सोडा: तिन्ही पेड सळसळत मोकळे. वेणीत गुंफण आहे, पण ती टोकाच्या गाठीच्या भरवशावर.

स्वेटरची गंमत निराळी. मराठीत स्वेटरही ‘विणतात’ आणि लुगडंही ‘विणतात’, पण दोन्हींची जात एक नाही. सुयांवरच्या विणकामात एकच धागा स्वतःच्याच फासांत अडकत पुढे जातो. म्हणून एक फास सुटला की ओळीच्या ओळी उसवतात आणि हातात लोकरीचा गुंडा परत येतो. तिथे ताणा नाही, बाणा नाही. स्वेटरला ओतप्रोत म्हणता येणार नाही, कितीही मायेने विणलेला असला तरी.

आणि कापडाचा एक धागा ओढा. तो येतो, पण सहज नाही. आजूबाजूचं कापड चुरमडत जातं आणि धागा निघाला की त्या जागी आरपार एक विरळ रेघ उरते. शिवणकाम करणाऱ्या बायका सरळ कापायचं असलं की मुद्दाम असा एक धागा काढतात आणि त्या रेघेवरून कात्री चालवतात. कापड टिकून राहतं, पण एक धागा गेल्याचं या काठापासून त्या काठापर्यंत कळतं. माझ्या मते ही ‘ओतप्रोत’ची खूण आहे. काढलं तर सगळं कोसळेलच असं नाही, पण जागा दिसत राहील.

ही खूण लावून आपल्याच भाषेकडे बघू. तहसील कचेरीत रोज लिहिलं जाईल असं एक वाक्य: ‘तक्रारदाराने जमिनीचा दस्त हजर करून अर्ज दाखल केला.’ यात तक्रार, जमीन, दस्त, हजर, अर्ज, दाखल हे सगळे फारसीतून आलेले, काही मुळात अरबी. ‘दार’सुद्धा फारसी. मराठी काय उरलं? ‘ने’, ‘चा’, ‘करून’, ‘केला’. म्हणजे ताणा पूर्ण मराठी आणि बाणा जवळजवळ पूर्ण फारसी. इराणी माणसाला यातले शब्द ओळखीचे वाटतील, वाक्य कळणार नाही. आणि मराठी माणसाला यात परकं काही आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. मराठी फारसीने ‘भरलेली’ आहे असं म्हटलं तर ते ओतून टाकता येईल असं वाटतं. मराठीत फारसी ओतप्रोत आहे, हे जास्त खरं.

ओढून पाहण्याचा प्रयत्नही झालेला आहे, तोही थोर हातांनी. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. अष्टप्रधानांची नावंही बदलली: पेशवा झाला मुख्य प्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत. यातलं बरंच टिकलं. सचिव आजही वापरात आहे. पण पेशवा हा धागा काही निघाला नाही. पुढे शंभर वर्षं राज्याचा कारभार ज्यांच्या हाती गेला त्यांना लोक पेशवेच म्हणत राहिले, आणि शिक्क्यांवर ‘मुख्य प्रधान’ कोरलेलं असूनही आपण त्या काळाला पेशवाईच म्हणतो. मुजुमदार आणि सुरनीस तर आडनावं होऊन बसली.

असा वापर केला की शब्द बोलू लागतो. एखाद्या खात्याबद्दल आपण ‘भ्रष्टाचाराने बरबटलेलं’ म्हणतो. बरबटलेलं धुता येतं, एक चांगला अधिकारी आला की झालं. ‘त्या खात्यात भ्रष्टाचार ओतप्रोत आहे’ असं म्हटलं तर चित्र बदलतं: कोणताही एक धागा ओढा, बाकीचं कापड चुरमडणार. हे जास्त भीतिदायक विधान आहे, आणि कधी कधी जास्त अचूक. चांगल्या अर्थानेही तसंच. ‘वारीत गाणं आणि चालणं ओतप्रोत आहे’ म्हणा. अभंगाचा ताल पावलांत असतो आणि पावलांचा ताल टाळात. दोन्ही वेगळी मोजता येतात, पण एक काढून घेतलं तर उरेल ती सहल किंवा मैफल.

प्रोत एकटाही येतो, हे जाता जाता. गीतेच्या सातव्या अध्यायात ‘सूत्रे मणिगणा इव’ या उपमेआधी ‘प्रोतं’ आहे. तिथे अर्थ ओवलेलं. दोऱ्यात मणी असतात तसं माझ्यात हे सगळं ओवलेलं आहे. मणी एका जातीचा, दोरा दुसऱ्या जातीचा. ज्ञानेश्वरांना एवढं वेगळेपण खपलं नसावं. त्यांनी मणी सोन्याचे केले आणि ते ओवायला सूतही सोन्याचंच घेतलं.

या शब्दाचं सगळ्यांत नेमकं चित्र मात्र मला पोथीत नाही, येवल्यात दिसलं. पैठणीत धूपछाव म्हणून एक प्रकार असतो. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घ्यायचा. समजा, उभा जांभळा आणि आडवा लाल. विणून झालेलं कापड या बाजूने धरलं तर जांभळ्याकडे झुकतं, जरा तिरपं केलं की लाल उजळतो, आणि मधेच कुठेतरी एक तिसराच रंग येतो जो कांडीवरच्या कोणत्याच रेशमाला दिलेला नव्हता. तो रंगाऱ्याने घातलेला नाही. उभ्या आणि आडव्याच्या ओलांडण्यातून तो आला आहे. दोन रंग एका भांड्यात एकत्र ओतले असते तर एकच, न हलणारा रंग मिळाला असता. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून बघा असं जाणकार सांगतात, तेही याचसाठी. मोर आणि वेली नंतर वरून भरलेल्या नसतात. तिथे आडवा धागा रंगारंगाने बदलत जातो आणि शेजारच्या धाग्याला अडकत जातो, म्हणून नक्षी उलट बाजूलाही तशीच नितळ दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागच्या अंगाला धागे सुटे लोंबत असतात किंवा कापलेले असतात.

भरतकाम आणि विणकाम यांतला हा फरक विक्रेत्याला विचारला तर तो न सांगताही पदर उलटून दाखवतो.

मानपत्राचं सांगायचं राहिलं. अध्यक्षांना मी ‘भरलेले’ काढा म्हटलं, ‘सेवाभावाने’चं ‘त्यांच्या जगण्यात सेवाभाव ओतप्रोत आहे’ असं करा म्हटलं. त्यांनी वाचून पाहिलं, म्हणाले, “वजन कमी झाल्यासारखं वाटतंय हो.” शेवटी तडजोड झाली: ‘भरलेले’ गेलं, ‘सेवाभावाने’ तसंच राहिलं. छापून आलेल्या मानपत्राला चंदेरी किनार होती. बाईंनी ते हातात घेतलं, वाचलं आणि विचारलं, “हे ओतप्रोत कुणी लिहिलंय?” त्या पस्तीस वर्षं संस्कृत शिकवत होत्या, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.